कोपऱ्यात अंग

दुपारचे तीन वाजून गेले होते. कानसेन स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच चहात पाव बुडवून खात होता, तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तरुणपणी तो ड्रम वाजवायचा. पुढे घरातल्याच मागच्या खोलीत ध्वनिमुद्रण करू लागला, आणि त्याच्या कानाची ख्याती अशी की शेजाऱ्याकडचा नळ गळू लागला तर तो कुठल्या सुरात गळतोय हे हा भिंतीपलीकडून सांगायचा. ‘तानसेन व्हायचं राहून गेलं, निदान कानसेन तरी झालो,’ असं तोच म्हणायचा, आणि लोकांनी ते नाव उचललं. आठ महिन्यांपूर्वी त्याची बायको गेली. तेव्हापासून त्या नावाने कोणी हाक मारली की त्याला मुस्काटात बसल्यासारखं व्हायचं.

दारात ड्रमवाली उभी होती. तिशीची बाई, खांद्याला काठ्यांची पिशवी, काखेत एक जुनी तबकडी. तिच्या पहिल्या दोन तबकड्या याच घरात झाल्या होत्या.

“काका, आधीच नाही म्हणू नका,” ती चपला काढता काढता म्हणाली. “मला हा आवाज हवाय.”

त्याने तबकडी हातात घेतली आणि न वाचताच परत दिली. “आता यंत्रात मिळतात की असले आवाज. बटण दाबलं की जुना.”

“सगळी बटणं दाबून झाली. जुना होतो हो, पण ऊब येत नाही. हा ऐकला की कसं, कोणी पांघरूण घातल्यासारखं वाटतं.”

“वाजवलंय कोणी, ठाऊक आहे?”

“तुम्ही. म्हणून तर आले.”

तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता, लग्नाला पाच महिने झाले होते, आणि ती तबकडी याच मागच्या खोलीत झाली होती. बायकोचं दिवसकार्य झाल्यापासून त्या खोलीत त्याने पाऊल टाकलं नव्हतं. धाकटी बहीण रोज फोनवर कानीकपाळी ओरडायची, “दादा, त्या खोलीचं दार उघड, काहीतरी काम कर, नाहीतर अंथरूण धरशील.” तिचं तोंड बंद व्हावं म्हणून तरी, तो हो म्हणाला.

माळ्यावरून जुना लाकडी संच खाली आला. मोठ्या ड्रमचं पुढचं कातडं काढून त्याने आत उशी कोंबली. छोट्या ड्रमवर टॉवेलची दुहेरी घडी टाकली. सगळी कातडी सैल केली, इतकी की काठी पडली तर उसळी न घेता बसून राहावी. हल्ली पंधरा पंधरा माइक लावतात. त्याने एकच लावला, वाजवणाऱ्याच्या डोक्यावर वीतभर. टेपचं जुनं यंत्र पुसून, पट्टे बदलून बाहेरच्या खोलीत टेबलावर मांडलं. बाहेरच्या खोलीत बसणं त्याला जड जात होतं, म्हणून खुर्ची त्याने अशी वळवली की दाराशेजारची फरशी पाठीमागे राहावी.

पहिल्या दिवशीच आवाज बराच जवळ आला. ड्रमवाली खूश झाली. कानसेनने मात्र मान हलवली.

“सगळं आहे,” तो म्हणाला. “अंग नाही.”

आवाजाला अंग असतं, हा त्याचा लाडका शब्द. काही आवाज नुसते हाडं असतात, काहींना अंग असतं. जुन्या तबकडीतल्या शेवटच्या ठोक्याचं शेपूट, म्हणजे ठोका पडल्यापासून तो विरेपर्यंतचा वेळ, त्याने मोजण्याच्या यंत्रावर घातलं. त्रेचाळीस आलं, सेकंदाचे शंभर भाग केले तर त्यातले त्रेचाळीस. ड्रमवालीचा ठोका शेहेचाळीस. तीन शतांशांचा फरक. दुसऱ्या कोणाला तो जन्मात कळला नसता, पण याच्या कानात तो कुसळासारखा सलत राहिला.

मग त्याला जुन्या फितीचा डबा आठवला. त्या काळी प्रत्येक मुद्रणाची मांडणी तो डब्याच्या आतल्या झाकणावर लिहून ठेवायचा. शाई पार उडाली होती, पण चार ओळी लागत होत्या. ‘छोट्यावर टॉवेल. मोठ्यात उशी. माइक एक, वर. कोपऱ्यात अंग.’

त्याने कपाळावर हात मारला. कोपऱ्यात आवाज साचतो, जाड होतो, हे तर शिकाऊ माणसालाही माहीत असतं. तीन आठवडे तो कोपऱ्यांच्या मागे लागला. संच या कोपऱ्यात सरकवला, त्या कोपऱ्यात सरकवला. माइक कोपऱ्यात उभा केला, जमिनीवर आडवा केला. आवाज फुगला, घोगरा झाला, पण शेहेचाळीस काही हटेना. ड्रमवालीचे हात भरून आले.

“बघू तो डबा,” शेवटी ती वैतागून म्हणाली आणि खिडकीपाशी नेऊन तिने झाकण उन्हात तिरकं धरलं. “छोट्यावर टॉवेल... मोठ्यात उशी... कोपऱ्यात अगं.” तिने वर पाहिलं. “अगं? अगं काय, काका?”

त्याने झाकण तिच्याकडून घेऊन डोळ्यांजवळ धरलं.

“टिंब ग वर आहे हो. अंग नाहीये हे. तुमचंच अक्षर ना?”

अक्षर त्याचंच होतं. लग्नाच्या पहिल्या दिवसापासून त्याने बायकोला कधी नावाने हाक मारली नव्हती. ती त्याला अहो म्हणायची, तो तिला अगं. पाच महिन्यांच्या संसारात सव्वीस वर्षांच्या पोराने मांडणी लिहिताना, जे जिथे होतं ते तसंच लिहून टाकलं होतं. ती कोपऱ्यात बसली होती. कपाट आणि मोठा ड्रम यांच्यामध्ये जेमतेम एक खुर्ची मावायची, तिथे अंग चोरून, मांडीवर विणकाम घेऊन, सुयांचा आवाज येईल म्हणून हात न हलवता.

“उद्या ये,” तो ड्रमवालीला म्हणाला. “आज माझं डोकं चालत नाही.”

ती गेल्यावर तो दार लावून त्याच खिडकीत बसला आणि लहान मुलासारखा रडला.

त्याचं असं झालं होतं. पंधरा वर्षांपूर्वी लख्ख, कोरड्या, काचेसारख्या आवाजाची टूम निघाली आणि त्याने मोजण्याचं यंत्र घेतलं. सुताराच्या हातात नवी करवत आली की तो दिसेल ते कापत सुटतो, तसं त्याने दिसेल ते मोजलं. खोली रिकामी असताना पन्नास. सतरंजी किती आवाज खाते, कपाट किती खातं. एका दुपारी त्याने बायकोलाही आत बसवून मोजलं. “तू चार शतांश खातेस,” तो म्हणाला होता. ती म्हणाली, “जन्मभर राबून चारच?” दोघंही हसले होते. मग तो म्हणाला, “खरंच, वाजवणं चालू असताना तू आपली बाहेर बसत जा.”

ती उठली, विणकाम उचललं आणि बाहेर जाऊन बसली. पुन्हा कधी आत आली नाही, ‘येऊ का’ म्हणून विचारलंही नाही. तिने त्या खोलीतून अंग काढून घेतलं ते घेतलंच. त्याला बरंच वाटलं. त्याने खोलीला नवं दार केलं, दुहेरी, मध्ये रबर घातलेलं, आणि येईल त्याला बढाई मारायचा की बाहेर गाढव ओरडलं तरी आत कळायचं नाही.

आठ महिन्यांपूर्वी, पावणेतीनपासून पावणेपाचपर्यंत, तो आत बसून एकच ड्रम सुरात लावत होता. चहासाठी बाहेर आला तेव्हा ती दाराशेजारच्या फरशीवर होती. एक तळवा दाराला टेकलेला होता. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास तरी काढला असावा त्यांनी, वेळेत कळलं असतं तर बघता आलं असतं.

दिवसकार्य आटोपल्यावर त्याने बहिणीला दाराबाहेर उभं केलं आणि म्हणाला, “मी आत जातो, तू ‘अहो’ अशी हाक मार. जोरात मार.” आत त्याला काही ऐकू आलं नाही. बाहेर येऊन तो म्हणाला, “पुन्हा मार.” बहीण म्हणाली, “दादा, मी हे करणार नाही,” आणि पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. आपल्या घरी परत जाताना तिने बाहेरच्या खोलीतलं सामान काढून टाकलं, पडदे, कोच, सगळं. बघून बघून खचशील, म्हणाली. त्यानंतर त्या खोलीत खोकलं तरी चारी भिंती खोकायच्या.

दुसऱ्या दिवशी त्याने कोपऱ्यात खुर्ची ठेवली. खुर्चीवर गादीची वळकटी, उशा, वर तिचा स्वेटर. ड्रमवालीला बसवलं. आकडा त्रेचाळीसवर आला.

आवाज मात्र मेलेला होता. त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. गादी आवाज खाते, पण ऐकत नाही, असं काहीतरी तो पुटपुटला. ड्रमवालीने विचारलं नाही. तिला एव्हाना थोडंफार कळलं होतं.

ती गेल्यावर त्याने गादी-उशा उचलल्या. खुर्ची रिकामी राहिली. तो दारापर्यंत गेला, थांबला आणि स्वतःचीच लाज वाटून, इकडेतिकडे बघत, खुर्चीला म्हणाला, “बस इथे. बस गं.” मग दिवा मालवून दार लावून घेतलं.

सकाळी त्याने नेहमीप्रमाणे यंत्र तपासलं. आतल्या भोंग्यातून ‘टक्’ असा आवाज सोडायचा, माइकने तो टिपायचा आणि शेपूट मोजायचं. रिकाम्या खोलीचे पन्नास यायला हवेत.

शेहेचाळीस आले.

त्याने वायर बदलली, माइक बदलला. हवेतला दमटपणा पाहिला, कपाटाचं दार उघडं राहिलंय का पाहिलं. पुन्हा बाहेर येऊन टक्. शेहेचाळीस. बेडकासारखा आत-बाहेर, आत-बाहेर करत त्याने अख्खी सकाळ घालवली, आणि जेवायच्या वेळेला त्याच्या लक्षात आलं की एक गोष्ट आपण केलीच नाही. यंत्राचा पडदा हातात घेऊन तो आत जाऊन उभा राहिला आणि तिथून टक् सोडला.

आकडा शेहेचाळीसच. म्हणजे खोलीत एक माणूस. तो स्वतः.

तो बाहेर आला, दार लावलं. शेहेचाळीस. खोलीत एक माणूस.

तो आत गेला की तेवढंच, बाहेर आला की तेवढंच. अंगावर काटा वगैरे काही आला नाही. आधी कळलं ते एवढंच की ती अजूनही ऐकतेय. तो आत गेला की ती उठून जाते. त्यानेच सांगितलं होतं तसं.

दुपारी ड्रमवाली आली. त्याने तिला एक अक्षर सांगितलं नाही, नुसतं “बस, वाजव” म्हणाला आणि बाहेर थांबला. पहिल्याच ठोक्याला त्याचे डोळे भरून आले. ठोका पडत होता आणि विरत नव्हता, मावळत होता. मोठा ड्रम पोटाशी धरल्यासारखा वाजत होता. झांजेची धार गेली होती. सगळ्याला अंग आलं होतं. शेवटच्या ठोक्याचा आकडा त्याने पाहिला नाही, पाहायची गरज नव्हती, तरी पाहिला. त्रेचाळीस.

ओळीने सहा गाणी झाली. ड्रमवाली बाहेर आली तेव्हा घामाने निथळत होती. आनंदाने नाचेल असं त्याला वाटलं होतं, पण ती काठ्या पिशवीत भरत राहिली.

“मिळाला ना आवाज?” त्याने विचारलं.

“मिळाला. तोच आहे.” मग जरा वेळाने, “काका, तुम्ही मधे आत आला होतात?”

“नाही.”

“नाही, गाणं संपलं ना, की मी श्वास धरून बसते, झांज विरेपर्यंत. नंतर सोडते. तर प्रत्येक वेळी कोपऱ्यातूनही कोणी सोडल्यासारखा...” ती थांबली. “माझाच असेल.”

“तुझाच,” तो म्हणाला.

तिने वाकून नमस्कार केला आणि फिती घेऊन गेली. जाताना दाराशी थांबून म्हणाली, “बहिणीकडे जाऊन या की थोडे दिवस.”

काम झालं होतं. शहाण्या माणसाने संच माळ्यावर टाकला असता. पण त्याला आता एकच हवं होतं, आणि त्यापुढे खाणं, झोपणं, बहिणीचा फोन, सगळं फिकं होतं. एकदा, एकदाच, दोघांनी त्या खोलीत एकत्र बसावं. काही बोलू नये. आकडा दोन माणसांचा यावा, पहिल्याचे चार वजा, दुसऱ्याचे तीन, त्रेचाळीस.

त्याने करून पाहिलं नाही असं काही उरलं नाही. पाऊल न वाजवता गेला, डोळे मिटून गेला, तिच्यासारखं अंग चोरून दाराच्या कडेने गेला. दरवेळी शेहेचाळीस. तो आत, ती नाही. एकदा दारात पाय ठेवता ठेवता त्याला आपल्या डाव्या बाजूने कोणी जागा करून दिल्यासारखं वाटलं. घरात बायका पाहुण्याला वाट देतात तसं.

नवव्या दिवशी, उन्हं कलायच्या आधी, त्याने यंत्राला दर दहा सेकंदांनी टक् सोडायला लावलं. बाहेरून आत बोलायचा माइक तोंडाजवळ ओढला.

टक्. शेहेचाळीस.

“मी चुकलो गं,” तो म्हणाला. “मोजायला नको होतं मी तुला.”

टक्. शेहेचाळीस.

“मी तुला हाकललं. तुझी हाक मला ऐकू आली नाही. लोक मला कानसेन म्हणतात.” त्याने माइक आणखी जवळ ओढला. “आता मी आत येतोय. तू उठू नकोस. बाहेर जायचं नाही. मी सांगतोय, बाहेर जायचं नाही. माझ्याजवळ थांब.”

टक्. शेहेचाळीस.

पडदा हातात घेऊन त्याने दार उघडलं. खुर्ची कोपऱ्यात होती. खिडकीतून आलेलं ऊन मोठ्या ड्रमच्या कडेवर पडलं होतं. तो मधोमध उभा राहिला आणि वाट पाहू लागला.

टक्.

शेहेचाळीस.

“अगं, बस ना,” तो म्हणाला.

टक्. शेहेचाळीस.

तो बराच वेळ उभा राहिला. मग हरल्यासारखा बाहेर आला, दार ओढून घेतलं आणि खुर्चीत बसला. आता ती परत आत जाईल. निदान तेवढं तरी.

टक्.

पन्नास.

त्याने पडदा जवळ धरला.

टक्. पन्नास.

टक्. पन्नास.

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच खोली रिकामी होती. ती आत नव्हती. आपण तिला दुसऱ्यांदा घालवलं असं त्याला वाटलं. त्याने यंत्र बंद केलं. उठला. दाराशेजारच्या त्या फरशीकडे आठ महिन्यांत तो कधी तोंड करून उभा राहिला नव्हता, तो आज राहिला.

बाहेरच्या खोलीत शांतता होती. टेबल-खुर्ची सोडली तर सामान नाही, पडदे नाहीत, चार उघड्या भिंती.

“अगं,” त्याने हाक मारली. एकाही भिंतीने ती परत दिली नाही.

आयुष्यभर आवाज ऐकलेल्या त्याच्या कानांना ते लगेच कळलं. त्याने पुन्हा हाक मारली, या वेळी जोरात, पोटातून.

समोरची भिंत चार पावलांवर होती. हाक तिथपर्यंत पोचलीच नाही.